डेंग्यू जेव्हा नेहमीचे वेळापत्रक पाळत नाही

आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो आणि कार्तिकी एकादशीला संपतो. या काळात पंढरपुरातील मठ, धर्मशाळा आणि भक्तनिवासांत सतत वर्दळ असते. अनेक ज्येष्ठ वारकरी तर चारही महिने पंढरीतच मुक्काम करतात. महाराष्ट्रात डेंग्यूचे सर्वाधिक रुग्णही याच काळात, म्हणजे पावसाळ्यात आणि पाऊस थांबल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत आढळतात.

पूर्वी पंढरीच्या यात्रेशी कॉलऱ्याचे नाव जोडलेले असे. पिण्याचे पाणी शुद्ध होऊ लागले, शौचालये वाढली, तशी ती भीती मागे पडली. कॉलरा दूषित पाण्यातून यायचा. डेंग्यूचा डास मात्र घरात झाकण न लावता साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो. त्यामुळे नीटनेटक्या घरातही तो सुखाने राहतो.

डेंग्यू झालेले बहुतेक लोक बरे होतात, हे आधी सांगायला हवे. २०२३ मध्ये देशात डेंग्यूच्या सुमारे २ लाख ८९ हजार रुग्णांची आणि ४८५ मृत्यूंची सरकारी नोंद झाली. म्हणजे नोंद झालेल्या हजार रुग्णांमागे दोनहून कमी मृत्यू. पण ही सरासरी आहे. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती आजाराने, औषधांनी किंवा वयाने कमी झालेली आहे, त्यांना ती जशीच्या तशी लागू होत नाही. अशा रुग्णांत डेंग्यू उशिरा ओळखू येतो, जास्त दिवस रेंगाळतो आणि रक्ततपासणीचे आकडे भल्याभल्यांची फसगत करतात. म्हणून या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काही गोष्टी ताप येण्याआधीच माहीत करून घ्यायला हव्यात.

प्रतिकारशक्ती कमी कोणाची?

मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेले रुग्ण या यादीत पहिले येतात. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधे देऊन मुद्दाम दाबून ठेवलेली असते. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन ही त्या औषधांची नेहमी कानावर पडणारी नावे. त्यानंतर येतात कर्करोगावर केमोथेरपी घेणारे रुग्ण, एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती, आमवातासाठी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे घेणारे, आणि दमा, त्वचारोग किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी दीर्घकाळ स्टेरॉईड घेणारे रुग्ण. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची आणि साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहींची प्रतिकारशक्तीही काही प्रमाणात कमी झालेली असते.

वय हेही एक कारण आहे. ज्येष्ठ चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा यांचे ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत डेंग्यूने निधन झाले. तेव्हा ते ८० वर्षांचे होते. उत्तम रुग्णालय जवळ असूनही असे कसे झाले, हा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला होता. उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते, हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडांची राखीव ताकद कमी होते. तरुणाला सोसणारा डेंग्यू ज्येष्ठांना म्हणूनच जड जातो.

आणखी एक गट असा आहे की, आपली प्रतिकारशक्ती कमी झाली आहे हेच त्याला माहीत नसते. गुडघेदुखीवर, दम्यावर किंवा खाजेवर ‘गुण येणाऱ्या’ पुड्या आणि नाव नसलेल्या गोळ्या ग्रामीण भागात आजही घेतल्या जातात. त्यांतल्या काहींत स्टेरॉईड असते. चेहरा सुजल्यासारखा गोल दिसणे, सहज निळे डाग पडणे, साखर अचानक वाढणे ही त्याची खूण असू शकते. अशा व्यक्तीने ताप आल्यावर ‘मला कोणतेही औषध चालू नाही’ असे सांगितले, तर उपचार चुकीच्या वाटेने जाऊ शकतात. पुडी असेल तर पुडी दाखवावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

नेहमीचा डेंग्यू कसा चालतो?

डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी ताप येतो. म्हणूनच पंढरपुरात डास चावलेल्या यात्रेकरूला ताप बहुधा गावी परतल्यावर चढतो, आणि दुसऱ्या शहरात डास चावलेला माणूस आजार घेऊन पंढरपुरात पोहोचतो. तापाच्या रुग्णाने गेल्या दोन आठवड्यांत कुठे मुक्काम केला होता, हे डॉक्टरांना सांगणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

पहिले तीन ते पाच दिवस ताप, डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगदुखी आणि मळमळ असते. खरा धोका यानंतर, ताप उतरू लागतो तेव्हा सुरू होतो. या वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातील पातळ द्रव बाहेर झिरपून पोटात आणि छातीत साठू लागतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो, हातपाय गार पडतात. ही अवस्था साधारण २४ ते ४८ तास टिकते. तेवढा वेळ योग्य प्रमाणात सलाईन आणि बारीक देखरेख मिळाली, तर रुग्ण बहुधा सुखरूप बाहेर पडतो. ‘ताप उतरला, आता घरी जाऊ द्या’ असा आग्रह नेमका याच दिवशी धरला जातो, आणि तो महागात पडू शकतो.

सर्वसाधारण रुग्णात हे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. डॉक्टर त्या आधाराने तिसऱ्या दिवशी कोणती तपासणी करायची, पाचव्या दिवशी कशावर लक्ष ठेवायचे आणि सातव्या दिवशी घरी सोडायचे का, हे ठरवतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णात हा आधारच डळमळीत होतो.

प्रतिकारशक्ती कमी, मग डेंग्यू सौम्य का नाही?

हा प्रश्न डॉक्टरांनाही बराच काळ पडलेला आहे. डेंग्यूच्या गंभीर अवस्थेत विषाणूइतकाच शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेचाही हात असतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग झाल्यावर त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पण नंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला, तर आधीची प्रतिपिंडे त्याला निष्प्रभ करण्याऐवजी पेशींत शिरायला वाट करून देऊ शकतात. १९६०च्या दशकात थायलंडमधील मुलांचा अभ्यास करताना स्कॉट हॅल्स्टेड या शास्त्रज्ञाने या शक्यतेकडे लक्ष वेधले. दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू अधिक धोक्याचा असतो, असे म्हणतात ते यामुळेच.

मग प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णात ही प्रतिक्रिया सौम्य व्हायला हवी, असे कोणालाही वाटेल. काही रुग्णांत तसे होतेही. पण सगळ्यांत होत नाही. दाबलेली प्रतिकारशक्ती विषाणूचा नायनाटही हळू करते. त्यामुळे विषाणू रक्तात जास्त दिवस टिकतो. प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात आणि लघवीत तो अनेक आठवडे सापडल्याच्या नोंदी आहेत. शिवाय या रुग्णांची मूत्रपिंडे, यकृत किंवा अस्थिमज्जा आधीच अधू असते. त्यामुळे कोणत्या रुग्णात आजार सौम्य जाईल आणि कोणात बिघडेल, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत थोडी दिलासा देणारी गोष्ट आहे. नियमित एआरटी गोळ्या घेणाऱ्या आणि सीडी-४ पेशी चांगल्या असलेल्या व्यक्तींत डेंग्यू बहुतांशी इतरांसारखाच जातो, असे आतापर्यंतच्या लहान अभ्यासांतून दिसते. तापाच्या दिवसांतही एआरटी गोळ्या सोडायच्या नाहीत.

फसवे आकडे

डेंग्यू म्हटले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘प्लेटलेट किती?’ प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णात एकटी प्लेटलेटच काय, जवळपास प्रत्येक आकडा त्या रुग्णाच्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहावा लागतो.

समजा, डायलिसिसवर असलेल्या एका रुग्णाचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण, नेहमी २८ असते. अशा रुग्णांत रक्त कमी असणे ही नित्याची बाब. डेंग्यूमध्ये रक्तातील द्रव झिरपला की हा आकडा वाढतो. मूळ आकड्याच्या २० टक्के वाढ ही धोक्याची खूण मानतात. २८ वर २० टक्के म्हणजे जवळपास ३४. निरोगी पुरुषात हा आकडा पंचेचाळिसच्या आसपास असतो. म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर ३४ समोर ‘कमी’ अशी खूण येईल. प्रत्यक्षात तो आकडा धोक्याइतका वाढलेला असेल. जुना रिपोर्ट समोर नसेल, तर हे कळणार नाही.

पांढऱ्या पेशींचेही असेच आहे. डेंग्यूत त्या सहसा कमी होतात आणि त्यावरून डॉक्टरांना सुगावा लागतो. पण स्टेरॉईड त्या वाढवते. दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन आकडा अगदी नॉर्मल दिसू शकतो. उलट केमोथेरपी घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट औषधानेच कमी झालेल्या असतात, त्यामुळे त्या कशाने उतरल्या हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. यकृत आकसलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट वर्षभर साठ-सत्तर हजारांवर असू शकतात.

तापही फसवतो. स्टेरॉईडमुळे तो दबतो, आणि वयस्कर व्यक्तीत तर फार चढतच नाही. आजी दोन दिवस जेवली नाही, गुंगून पडली आहे, चालताना तोल जातो आहे, एवढेच लक्षण असू शकते.

डेंग्यूच्या खास तपासण्यांनाही मर्यादा आहेत. एनएस-१ ही तपासणी विषाणूचा अंश शोधते. ती पहिल्या पाच दिवसांत जास्त भरवशाची. आयजीएम ही तपासणी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर उपयोगी पडते. ज्याचे शरीर प्रतिपिंडेच नीट तयार करू शकत नाही, त्याची आयजीएम तपासणी डेंग्यू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. रिटुक्सिमॅबसारखे इंजेक्शन घेतलेल्या रुग्णात ही शक्यता अधिक. अशा वेळी विषाणूची जनुके शोधणारी पीसीआर तपासणी करावी लागते. झटपट निकाल देणाऱ्या कार्डावर थांबू नये. राष्ट्रीय कार्यक्रमातही पक्के निदान एलायझा पद्धतीच्या तपासणीनेच धरले जाते. आयजीएम एलायझाचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते आणि ते देशभरातील ठरावीक सरकारी प्रयोगशाळांना पुरवले जातात.

प्रत्येक ताप डेंग्यूचा नसतो

साथीच्या दिवसांत याच्या उलट चूकही होते. आळीत चार जणांना डेंग्यू झाला की पाचव्याचा तापही डेंग्यूचाच, असे गृहीत धरले जाते. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णात हे गृहीत जिवावर बेतू शकते.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला मोठे कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. तिथे किंवा पुण्या-मुंबईत केमोथेरपी घेऊन रुग्ण पुढच्या तारखेपर्यंत गावी येतो. अनेक औषधांच्या बाबतीत पांढऱ्या पेशी औषध दिल्यानंतर सात ते चौदा दिवसांत सर्वांत खाली जातात. म्हणजे प्रतिकारशक्ती सर्वांत कमी असते तेव्हा रुग्ण मोठ्या रुग्णालयापासून दूर, घरी असतो. या दिवसांत आलेला ताप जंतुसंसर्गाचा असेल, तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन शक्यतो तासाभरात सुरू व्हावे लागते. डेंग्यूच्या रिपोर्टची वाट बघत दोन दिवस घालवण्याची मुभा इथे नाही. दोन्ही शक्यता धरून तपासणी आणि उपचार एकाच वेळी सुरू करावे लागतात.

ताप सात दिवसांनंतरही उतरत नसेल, तर मलेरिया, टायफॉईड, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस आणि क्षयरोग यांचाही शोध घ्यावा लागतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या शरीरात दोन आजार एकत्र असू शकतात.

चालू औषधांचे काय?

ताप आला की ‘आधीच्या गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून त्या बंद करणारे लोक कमी नाहीत. इथे सर्वांत मोठा धोका स्टेरॉईडचा आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी शरीराला रोज लागणारे स्टेरॉईड तयार करतात. बाहेरून तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉईड मिळाले, तर या ग्रंथी सुस्तावू शकतात. मग गोळी अचानक थांबली किंवा उलटीवाटे पडून गेली, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. हे चित्र डेंग्यूच्या शॉकसारखेच दिसते, पण त्याला नुसते सलाईन पुरत नाही, स्टेरॉईडचे इंजेक्शन द्यावे लागते. रुग्ण आधीपासून स्टेरॉईडवर आहे हे डॉक्टरांना माहीत असेल, तरच ते सुचेल.

याचा अर्थ स्टेरॉईड हे डेंग्यूचे औषध आहे असा मात्र नाही. प्लेटलेट वाढवण्यासाठी स्टेरॉईड देण्याचा उपयोग होत नाही. चालू असलेले स्टेरॉईड थांबवू नये आणि नव्याने सुरू करण्याचा आग्रह धरू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

प्रत्यारोपणाच्या रुग्णाने एकही गोळी मनाने बंद करू नये. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर तज्ज्ञ डॉक्टर काही औषधांची मात्रा तात्पुरती कमी करतात, पण कोणते, किती आणि किती दिवस, हे प्रत्यारोपण केलेल्या केंद्राशी बोलूनच ठरते. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर त्याबाबतही पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत आणि अंतराने. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शने डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि अधू मूत्रपिंडाला इजा करतात.

शहाळे, किवी आणि पपईचा पाला

डेंग्यूच्या रुग्णाला भेटायला येणारा पाहुणा हल्ली शहाळे, किवी आणि पपईच्या पाल्याचा रस घेऊन येतो. त्यामागचा जिव्हाळा खरा असतो. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला शहाळ्याचे पाणी आणि किवी घातक ठरू शकतात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नसेल, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही डायलिसिसच्या रुग्णाला जसाच्या तसा देता येत नाही, कारण त्याला लघवीच कमी होते आणि जास्तीचे पाणी फुप्फुसांत साठते. त्याला किती द्रव द्यायचा हे रुग्णालयातच, तासातासाने मोजून ठरवावे लागते.

गुळवेल किंवा ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे प्रत्यारोपणाच्या रुग्णाला देऊ नयेत. ज्याची प्रतिकारशक्ती नवा अवयव टिकावा म्हणून दाबून ठेवली आहे, तिला चाळवणे शहाणपणाचे नाही. शिवाय काही वनौषधींमुळे प्रत्यारोपणाच्या औषधांची रक्तातील पातळी बदलते. एकादशीचा उपवासही आजारपणात सोडावा. वारकरी परंपरेत आजारी माणसाला उपवासाचा आग्रह कोणी करत नाही.

दाखल कधी व्हायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भवती, तान्ही बाळे, वृद्ध, मधुमेही आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना धोक्याची लक्षणे नसली तरी रुग्णालयात ठेवण्याचा विचार करावा, असे सांगितले आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या सर्वांनाच हा नियम लावणे सुरक्षित आहे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणे, बेचैनी किंवा गुंगी यांतील एकही लक्षण दिसले, तर एक तासही थांबू नये.

पंढरपुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. अतिदक्षता आणि तज्ज्ञ विभागांची गरज पडली, तर सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. हे अंतर तब्येत स्थिर असताना कापणे आणि रक्तदाब कोसळल्यावर रात्री कापणे, यात मोठा फरक आहे. म्हणून अशा रुग्णाला हलवायचे की नाही, हा निर्णय आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच व्हायला हवा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठी आहे.

प्लेटलेट भरण्याबाबतही घाई नको. रक्तस्राव होत नसेल तर केवळ आकडा पाहून प्लेटलेट देण्याचा फायदा दिसलेला नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णाचे त्यात नुकसान होऊ शकते. परक्या पेशी वारंवार शरीरात गेल्या, की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे जुळणारे मूत्रपिंड मिळणे कठीण होते. रक्तदात्यांनीही एक पथ्य पाळायला हवे. डेंग्यू होऊन गेल्यावर सहा महिने रक्तदान करू नये. अवयवदानातूनही डेंग्यू जाऊ शकतो. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर डेंग्यू पोहोचल्याचे उदाहरण सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले आहे.

लस आली तरी

डेंग्यूच्या लशीकडे सर्वांचे डोळे लागले आहेत. देशात बनलेल्या लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी आयसीएमआर आणि पॅनेसिया बायोटेक या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली. त्यात दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांचा समावेश ठरवलेला आहे. जपानी कंपनीची क्यूडेंगा ही लस काही देशांत वापरात आहे. पण या दोन्ही लशी जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूपासून बनवलेल्या आहेत. अशा लशी प्रतिकारशक्ती दाबलेल्या व्यक्तीला सहसा देता येत नाहीत, कारण लशीतला दुर्बल विषाणूही तिथे डोके वर काढू शकतो. ज्यांना लशीची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच ती घेता येणार नाही. त्यांचे संरक्षण पुढेही त्यांच्या आजूबाजूच्या माणसांच्या हातात राहील.

हे संरक्षण म्हणजे डास न होऊ देणे. एडिस इजिप्ती हा डास फार लांब उडत नाही. बहुधा जन्मल्या ठिकाणापासून शे-दोनशे मीटरच्या परिसरातच तो वावरतो. म्हणजे रुग्णाला चावणारा डास त्याच्या किंवा शेजाऱ्याच्या घरातच वाढलेला असतो. चंद्रभागेच्या वाहत्या पाण्यात तो वाढत नाही. त्याला हवे असते झाकण नसलेले पिंप, वाड्यातला हौद, मठाच्या गच्चीवरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, टायर, नारळाच्या करवंट्या. यात्रा संपल्यावर कुलूप लागलेल्या खोल्यांतील बादल्या, दुकानांवरच्या ताडपत्रीत साचलेले पाणी आणि फेकलेले प्लास्टिकचे पेले हेही त्याचे पाळणेच. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी केली, तर ही साखळी तुटते. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. मादी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही अनेक महिने जिवंत राहतात. भिंत घासूनच काढावी लागते. धुराची फवारणी उडते डास मारते, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

हा डास आता फक्त शहरांपुरता राहिलेला नाही. याच डासामार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूचा राज्यातील पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर या गावात आढळला होता. पंढरपूर तालुक्यातील वाड्या-वस्त्यांनीही तेवढेच सावध राहायला हवे.

हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी. म्हणून मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही लावावी. घरात कोणाला डेंग्यू झाला असेल, तर त्यालाही मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे डास त्याला चावून दुसऱ्याकडे विषाणू नेणार नाही. रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ताप गेल्यावरही आणखी काही दिवस ही काळजी घ्यावी.

फाईलमध्ये ठेवायचा एक कागद

घरात प्रत्यारोपण झालेली, केमोथेरपी घेणारी, डायलिसिसवर असलेली किंवा स्टेरॉईड घेणारी व्यक्ती असेल, तर पावसाळ्याआधी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून तो फाईलच्या सर्वांत वर लावावा.

१. आजाराचे नाव, चालू औषधे आणि त्यांची मात्रा. स्टेरॉईड असेल तर ते लाल शाईने.

२. तब्येत ठीक असतानाचे हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन, तारखेसह.

३. शेवटची केमोथेरपी किंवा डायलिसिस कधी झाले.

४. उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा आणि केंद्राचा फोन क्रमांक.

५. याआधी डेंग्यू झाला होता का, आणि कोणत्या वर्षी.

हा कागद तयार करायला अर्धा तास लागतो. रात्री अकरा वाजता तपासणी कक्षात रुग्णाला प्रथमच पाहणाऱ्या डॉक्टरसाठी त्याची किंमत फार मोठी असते. तापाच्या पहिल्याच दिवशी तो कागद घेऊन रुग्णालयात जावे, आणि तोवर घरातले पिंप झाकलेले आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.